केसाएवढी लाल रेघ

मित्रांनो, जत्रेत लांबूनच जिचं हिरवं तोंड आणि लाल जीभ दिसते, जिच्यात बसल्यावर तुम्ही डोळे मिटून ओरडता, ती मी. मी एक जुनी ड्रॅगन गाडी आहे. मोठ्या शहरांत मला रोलर कोस्टर म्हणतात.

माझा जन्म सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. गैबीसाब जत्रांमधून लहान मुलांचे पाळणे चालवायचे. एका गावी त्यांनी अशी गाडी पाहिली, तिच्याभोवती पावलं टाकत माप घेतलं आणि परत येऊन शेडच्या जमिनीवर खडूने माझा रूळ आखला. अमृत मिस्त्रीने पाइप तापवून, घणाने ठोकून त्या रेघेवर वाकवले. माझं चित्र कागदावर कधी उतरलंच नाही. कुठल्या वळणावर किती जोर येईल, हे कुणी मोजलं नाही. दोघेही मन लावून काम करणारे होते, पण हे काम शिकायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी मी सोलापुरातच, जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत उभी राहिले. साखळी मला करकरत वर न्यायची आणि टोकावर सोडून द्यायची. मग मी माझ्याच वजनाने खाली झेपावायचे. काय ती गर्दी! काय ते कौतुक! गैबीसाबांची बायको चांदबी तिकिटाच्या खिडकीत बसायची. शेंगाचटणी आणि भाकरी ती तिथेच खायची, कारण रांग तुटायचीच नाही.

त्यांची मुलगी गुलनाज माझ्या डब्यात लहानाची मोठी झाली. घरात उर्दू, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत तिचे प्रश्न संपायचे नाहीत.

"अब्बा, ह्या वळणावर आपल्याला बाहेर कोण ढकलतंय?"

"कोण न्हाय गं. गाडीच तशी हाय."

"मग दुसरी कशी आसती?"

गैबीसाब हसायचे. त्या प्रश्नाचा त्यांना फार अभिमान वाटायचा.

एकदा तिच्या शाळेच्या विज्ञानाच्या वैजयंतीबाई जत्रेला आल्या. फेरी संपवून पदर सावरत उतरल्या, तर गुलनाज समोर उभी.

"बाई, असली गाडी बनवायचं शिक्षण कुठं मिळतं?"

बाईंनी तिचा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. माझ्या पायरीवर बसून त्या म्हणाल्या, "रोलर कोस्टरचा असा वेगळा कोर्स आपल्याकडं मला तरी माहीत नाही. पण वाट आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नीट कर. पुढं मेकॅनिकल नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग. रूळ आखणारे वेगळे, खांबांचा हिशेब करणारे वेगळे, ब्रेक आणि सेन्सर बघणारे वेगळे, आणि सगळं झाल्यावर सुरक्षा तपासणारे वेगळे. अशा कंपन्या जगात थोड्या आहेत. दार छोटं आहे गुलनाज, आणि वाट लांब आहे."

"चालीन की," गुलनाज म्हणाली.

आणि ती चालली, मित्रांनो. बारावी झाली, सोलापुरातच मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. मी गावोगाव फिरायचे आणि माझ्या कमाईवर ती शिकायची. सुट्टीत आली की मला बिलगायची नाही, माझ्या खाली शिरायची. पुण्याजवळच्या एका पाळणे बनवणाऱ्या कंपनीने तिला कळवलं होतं, शेवटच्या वर्षी आमच्याकडे कामाचा अनुभव घ्यायला ये. त्या दिवशी चांदबीने शेजारपाजारी शिरखुर्मा वाटला. ईद नसताना!

मग तिच्या तिसऱ्या वर्षातला जानेवारी आला. गड्ड्यासाठी माझी उभारणी झाली होती, जत्रा दोन दिवसांवर होती. गुलनाजने सकाळी आपला मोबाइल ओढणीने माझ्या सीटला घट्ट बांधला. मोबाइलमध्ये धक्का मोजायची सोय असते म्हणे. रिकाम्या डब्यांनिशी तिने मला पुन्हा पुन्हा फिरवलं. आकडे पाहून तिचा चेहरा उतरला. उताराच्या तळाला, जिथे सरळ रूळ एकदम वळतो, तिथला झटका फार मोठा होता.

तिथल्याच खांबाच्या जोडावर तिने कॉलेजातून आणलेला लाल रंग फवारला. थोड्या वेळाने तो स्वच्छ पुसून वर पांढरी पूड मारली. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. पांढऱ्या पुडीतून हळूहळू एक लाल रेघ वर आली. केसाएवढी बारीक. लोखंडात जिथे चीर असते, तिथेच आत शिरलेला रंग असा परत बाहेर येतो.

"अब्बा, गाडी बंद करावी लागंल," ती म्हणाली.

गैबीसाबांनी रेघेवर बोट फिरवलं. "एवढीच? अमृतला बोलावतो. वेल्डिंग मारून घेऊ की."

"वेल्डिंग मारलं तर चीर बुजंल. पण वळणच चुकलंय अब्बा. हितं पुन्हा तडकणार."

"इतकी वर्षं काय झालं न्हाय!"

"इतकी वर्षं ती वाढतच होती. आपल्याला दिसली न्हाय."

गैबीसाब एकदम ओरडले, "तुझं शिक्षण हिच्यावर चाललंय! ठाव हाय न्हवं?"

"ठाव हाय अब्बा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तेव्हा चांदबी पुढे आली. "आवो, लोक माझ्यासमोर आपली लेकरं हिच्यात बसवत्यात. मी तिकीट देणार न्हाय." एवढं बोलून तिने खिडकीची फळी लावून घेतली.

मला मैदानावरून उतरवलं गेलं. माझ्या जागी दुसऱ्याचा पाळणा उभा राहिला.

पुढचं सांगताना मला जड जातं. नवा रूळ बनवायची ऐपत नव्हती. गैबीसाब टेंभुर्णीला दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागले. वैजयंतीबाईंनी शिष्यवृत्तीसाठी खूप धावपळ केली, पण होकार आला तेव्हा शेवटच्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षापर्यंत गुलनाज एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला लागली होती. तिच्या कमाईशिवाय आता घर चालत नव्हतं. पुण्याच्या कंपनीने पुन्हा विचारलं नाही.

शेवटी मला भंगारात द्यायचं ठरलं. "माझ्यादेखत गॅसनं कापा, पुन्हा कुणी चालवाय नको," गैबीसाबांनी भंगारवाल्याला बजावलं. निळी ज्योत पेटली. माझा एक रूळ कापला गेला, दुसरा कापला गेला. मग त्यांना पाहवेना. माझ्या हिरव्या तोंडावरून हात फिरवून ते पाठ फिरवून निघून गेले.

ते गेल्यावर भंगारवाल्याने ज्योत विझवली. चार दिवसांनी महिपती नावाचा जत्रेतला माणूस आला आणि भंगारापेक्षा जास्त पैसे मोजून मला अख्खी घेऊन गेला. कापलेले रूळ जोडले. माझं तोंड निळं रंगवलं. त्या खांबावर चकचकीत रंगाचा जाड थर दिला. मी पुन्हा फिरायला लागले. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. मी घाबरले होते.

गेल्या जत्रेत मी मंद्रूपला होते. दुपारची वेळ होती. कारखान्यातल्या मैत्रिणीबरोबर गुलनाज तिथे आली आणि माझ्यासमोर जागच्या जागी थांबली. माझा रंग बदलला होता, पण ते वळण तिने ओळखलं.

ती धावत महिपतीकडे गेली. "ही गाडी बंद करा. खालच्या वळणाचा खांब आतून तडकलाय. ही आमची गाडी होती."

"आता माझी हाय," महिपती म्हणाला. "तुमी कोण ताई? इंजिनियर हाय का?"

"शिकत होते," ती हळूच म्हणाली. "अर्धवट राह्यलं."

"मग अर्धवट माणसानं धंदा मोडायला येऊ नये."

ती पोलिसांकडे गेली. ते म्हणाले, त्यांच्याकडे परवाना आहे, तुमच्याकडे काय आहे? मग ती माझ्या रांगेशी उभी राहिली आणि एकेका आईबापाला हात जोडून सांगू लागली. एक बाई आपल्या पोराला घेऊन मागे फिरली. बाकीचे हसले. कुणी म्हणालं, डोक्यानं कमी दिसती. महिपतीच्या माणसांनी तिला दोरीबाहेर नेलं. ती जाताना मागे वळून बघत राहिली, आणि तेवढ्यात साखळीने मला वर ओढायला सुरुवात केली.

मित्रांनो, मला ब्रेक आहे, पण तो माझ्या हातात नाही. मला तोंड आहे, पण ते पत्र्याचं आहे. जिला माझी भाषा कळत होती, ती आज टॉवेलच्या घड्या घालते. म्हणून तुम्हालाच विनवते. माझ्यासारख्या गाडीत बसण्याआधी विचारा, हिला कुणी तपासलंय का, कधी तपासलंय. हसतील तुम्हाला, तरी विचारा. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी असले प्रश्न सारखे विचारत असेल, तर तिची शाळा सुटू देऊ नका. तिच्यावाचून कुणाकुणाचं काय होईल, ते आधी कुणालाच दिसत नाही.

मंद्रूपला तो खांब कसाबसा टिकला; आता करकंबला माझी उभारणी झाली आहे. मांड्यांवर दांडा आला, पट्टे लागले. पुढच्या डब्यात दोन बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या आहेत. मी वर चालले आहे.