आधी थंड पाणी

मेहरूणच्या एका दहा खाटांच्या प्रसूतिगृहात कमलबाई बावीस वर्षं चादरी धुवत होती. पन्नाशी उलटलेली, गुडघे गेलेले. हे काम सुटलं तर दुसरं कुणी देणार नव्हतं. वॉशिंग मशीन तिच्या नोकरीहून जुनं, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या कुणा साहेबाने विकलेलं. ते आधी थंड पाणी घेई आणि मग आतल्या हीटरने सावकाश तापवी. त्या सावकाशीतच रक्ताचे डाग सुटत.

मग डॉक्टरांचा पुतण्या हितेंद्र तिथे व्यवस्थापक झाला. पुण्याहून हॉटेलचा कोर्स करून आलेला, अंगात उत्साह मावत नव्हता. त्याने गच्चीवरच्या सोलरचं कढत पाणी थेट मशीनला जोडलं. वीज वाचेल, जंतू मरतील म्हणाला. जंतू मेले असतील बिचारे! चादरी मात्र तपकिरी डाग घेऊन बाहेर पडू लागल्या, आणि ते ब्लीचनेही हलेनात.

चोपड्याहून आलेल्या एका बाळंतिणीच्या सासूने तसली चादर डॉक्टरांच्या टेबलावर आणून टाकली. दुसरीच्या बाळंतपणाची चादर आमच्या सुनेला का, असं तिने सगळ्यांदेखत विचारलं. डॉक्टरांनी हितेंद्रला बोलावलं, हितेंद्रने कमलबाईला. तिने पावडर वाचवली, असा आळ त्याने तिथल्या तिथे घेतला.

"पाणी आधी थंड लागतं, भाऊ," ती म्हणाली. "कढत पाण्यात रक्त कापडाला धरून बसतं."

"हे कुठे शिकलात?"

कुठे शिकली ते तिला पक्कं ठाऊक होतं. तेराव्या वर्षी आईने तिला गोठ्यामागे नेलं होतं, थंड पाण्याची बादली पुढे ठेवली होती, आणि ते कापड कसं धुवायचं ते हळू आवाजात सांगितलं होतं. त्यातलं अक्षरही ती कधी पुरुषमाणसापुढे बोलली नव्हती, नवऱ्यापुढेसुद्धा नाही. इथे तर डॉक्टर, दोन वॉर्डबॉय आणि हा मुलाच्या वयाचा हितेंद्र. तिची मान खाली गेली.

"अंदाजाने," ती म्हणाली.

हितेंद्रला एवढंच हवं होतं. अंदाजाने दवाखाने चालत नाहीत, असं तो म्हणाला, आणि शनिवारी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

तीन आठवड्यांनी तिथली आया दिपमाला घरी आली. सोलरचा पाइप काढला होता, चादरी पुन्हा पांढऱ्या निघत होत्या. हितेंद्रची बायको घरी त्याला हसली होती, सगळ्या बायकांना ठाऊक असतं, तुम्हाला एवढंही कळत नाही का म्हणून. आता मशीनवर 'आधी थंड पाणी' असा त्याच्या सहीचा कागद लागला होता, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

कमलबाईने परत बोलावतील का, असं विचारलं. दिपमाला नाही म्हणाली. जागा भरली होती. आणि डॉक्टर म्हणाले होते, बाईने बावीस वर्षं धुतलं, पण तिला एवढं साधं ठामपणे सांगता आलं नाही.

कमलबाईला त्यांचा राग येईना. तिला स्वतःचीच चीड आली.

"बठ्ठ्या बायासले ठाऊक शे," ती म्हणाली. "माले लाज उनी, आनि काम गयं."