दात उमटलेला टोमॅटो

अगं थांबा, मधे बोलू नका, नाहीतर माझं राहून जाईल. माझी ताई माहितीये ना तुम्हाला, दवाखान्यात पेशंटना काय खायचं, किती खायचं ते सांगते? तर तिच्याकडे प्लास्टिकची फळं-भाज्या आहेत. एक संत्रं, एक गाजर, वाटीभर वाटाणे, काकडी आणि एक टोमॅटो. पेशंटच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, हे बघा, एवढं सकाळी, एवढं दुपारी, एवढं संध्याकाळी, रोज, चुकवायचं नाही. त्या टोमॅटोच्या बुडाला दोन बारीक खड्डे आहेत. एका पोराने खरा समजून कचकन चावलेला. हे लक्षात ठेवा.

तर एक दिवस एका पेशंटबाईने ताईला तोंडावर विचारलं, "तुम्ही स्वतः खाता का हो एवढं?" आणि आमची ताई पडली मानी. म्हणाली, "चाळीस दिवस रोज संध्याकाळी सहाला माझ्या ताटाचा फोटो ग्रुपवर टाकते. तुम्ही तुमचा टाका." चौतीस पेशंट आहेत त्या ग्रुपवर, चौतीस!

पहिला आठवडा खाल्लं हो तिने, खरंच. पण ताई दमते म्हणजे कशी, सांगू? दारात एका पायातली चप्पल काढते, दुसरी काढायची राहूनच जाते, तशीच खुर्चीत बसते. दिवसाला पन्नास-साठ पेशंट, आणि प्रत्येकाला तेच तेच. घरी आली की तिला पाण्याचा ग्लास उचलायचा कंटाळा, भाजी कोण चिरणार? माझं काय, मला गाजर दिसलं की मी खोली बदलते. फ्रिजमधल्या पालकाचं काळं पाणी झालं तरी आम्हा दोघींना पत्ता नाही. जेवण काय, तर चहात बुडवलेले टोस्ट.

नवव्या दिवशी सहाला पाच कमी, आणि घरात फक्त एक कांदा. ताई रडकुंडीला आलेली. तेव्हा मीच म्हटलं, मीच, "अगं, तुझ्या पिशवीत ती खोटी भाजी आहे ना?"

ताई म्हणाली, "वेडी आहेस का?"

पण आवाजात दम नव्हता. आणि मी फोटो स्टुडिओत काम करते, लोकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवण्यात माझा दिवस जातो, टोमॅटोचं काय घेऊन बसलात! ताट खिडकीशी ठेवलं, पडदा अर्धा ओढला, वरून पाणी शिंपडलं. असला फोटो आला ना, मलाच भूक लागली. आणि मग काय, रोजच. मी फोटो काढायचा, ताईने टोस्ट बुडवायचा. दहा दिवस.

आता त्या ग्रुपवर एक ड्रायव्हरकाका आहेत. बावीस वर्षं बस चालवतात. साखर इतकी वाढलेली, की डेपोतून त्यांना बजावलेलं, तीन महिन्यांत खाली आली नाही तर स्टिअरिंग विसरा, डेपोच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहा. आणि काका कसे, तर हिरवं काही दिसलं की तोंड वाकडं. पण सहाला त्यांची गाडी शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं उभी असते, तिथून रोज फोटो यायचा. स्टिअरिंगवर डबा टेकवलेला, डब्यात काकडी, आणि खाली लिहिलेलं, "ताई खातात. मी पण."

रोज तेच. ताई ते वाचायची आणि टोस्ट खाली ठेवायची. मग परत उचलायची.

खोट्या ताटाच्या अकराव्या दिवशी मला उशीर झालेला, धावत आले, घाईत फोटो काढला, पाठवला. टोमॅटो उलटा! दोन दात समोर! ग्रुपवर नेहमीसारखं सगळे वा वा. फक्त काकांचा डबा आला नाही. थोड्या वेळाने ताईला एकटीला मेसेज आला. "हे दात मी तुमच्या टेबलावर बघितलेत."

बास. एवढंच. दुसऱ्या दिवशी डबा नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आणि काकांच्या तपासणीला उरलेले पंधरा दिवस.

मी म्हटलं, "सांग ना, चुकून जुना फोटो गेला. नाहीतर सांग, बहिणीने गंमत केली."

"तू गप बस जरा," ताई म्हणाली. ओरडून नाही. तिच्यात ओरडण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून ती परस्पर शेवटच्या थांब्यावर गेली, मला पण बोलावून घेतलं. वाटेत एक संत्रं आणि दोन गाजरं घेतली. बस उभी होती, रिकामी. काका आपल्या सीटवर, मांडीवर क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. आम्हाला बघून त्यांनी तो लपवलापण नाही.

"या," म्हणाले. "गाडी दहा मिनिटांनी सुटेल."

ताई पायरीवरच बसली. म्हणाली, "काका, मी टोस्ट खात होते."

"किती?"

"चार. कधी पाच."

"मग मलाही टोस्टच सांगायचे होते ना. मी बैलासारखी काकडी चघळतोय इथे."

"तुमची गाडी गेली असती."

काकांनी पुडा बाजूला ठेवला. "अहो ताई, मला कुठे आवडते काकडी? पहाटे चारला उठतो मी. इथे येईपर्यंत पाठीचं लाकूड झालेलं असतं. मनात यायचं, ती बाई पण दिवसभर बोलून बोलून थकलेली असणार, ती घरी जाऊन चिरून खाते, तर आपल्याला काय धाड भरलीय! तेवढ्यावर घशाखाली जायची."

ताईने पिशवीत हात घातला. संत्रं काढलं आणि सोलायला लागली. नख आतच जाईना. संत्रं हातातून सुटलं, बसमध्ये मागच्या सीटखाली गडगडत गेलं, आणि मी वाकून वाकून ते शोधतेय! काकांनी माझ्या हातातून घेतलं, पुसलं, एका झटक्यात सोललं, अर्धं ताईला, अर्धं स्वतःला. दोघं खात बसली.

"आंबट आहे," काका म्हणाले.

"हो."

"तुम्ही तरी का खात नाही? चेहरा बघा, पांढराफटक."

"चिरायचा कंटाळा येतो हो," ताई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीला, सांगा!

"मग नका चिरू. गाजर चिरतं कोण? धुवा आणि चावा. सहाला मी फोन करतो. फोटोबिटो नको. मला नुसतं ऐकू आलं पाहिजे."

कंडक्टर आला, घंटी वाजली, आम्ही उतरलो.

घरी येऊन ताईने ग्रुपवर सगळं खरं लिहून टाकलं. मग एक शिलाईवाल्या काकू म्हणाल्या, "मला कळलं होतं. वाटाणे फारच गोल होते." दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी झापलं ते वेगळंच, ते नको आत्ता.

आणि मग रोज सहाला फोन. "लावलंत का तोंडाला?" "लावलं." आणि नुसतं कचकच, कचकच, दोन्हीकडून. दोघांना बोलायचं त्राण नसतंच.

काल काकांचा रिपोर्ट आला. साखर खाली आली, पण काठावर. अजून तीन महिने दिलेत, मग परत तपासणी. तोपर्यंत गाडी त्यांचीच. मला वाटलं, आता ताई नाचेल. पण ती गाजर हातात घेऊन खुर्चीतच झोपली, एका पायात चप्पल. तेवढ्यात सहाचा फोन. मी उचलला.

"काका, झोपलीय ती. उठवू का?"

"नको, नको. झोपू दे." मग म्हणाले, "तुम्ही आहात ना? मला एकट्याने नाही जात हो."

आता काय करणार? ताईच्या मुठीतून हळूच गाजर काढलं, धुतलं आणि चावलं. काय टणक असतं गं ते! पलीकडून काकडीचा आवाज. दहा मिनिटं लागली मला, दहा मिनिटं. मग घंटी वाजली आणि काका म्हणाले, "चला, गाडी काढतो."

जबडा अजून दुखतोय माझा.