पेटीचा नैवेद्य

विष्णुपंत मुळ्यांना थंडीचा अभिमान होता. हसू नका. कुणाला बैलजोडीचा असतो, कुणाला पोराच्या मार्कांचा, पंतांना थंडीचा होता. नेवाशाबाहेर प्रवरेच्या अंगाला सरकारी शेतकी फार्म होता, तिथं ते कारकून. कारकुनीच्या जोडीला फार्मवरच्या छोट्याशा वेधशाळेचं कामही त्यांच्याच गळ्यात. वेधशाळा म्हणजे काय, तर तारेच्या कुंपणात एक पावसाचं माप, एक वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि चार उंच पायांवर उभी एक पांढरी, झडपांची लाकडी पेटी. पेटीत थर्मामीटर आडवे ठेवलेले. रोज सकाळी कुलूप काढायचं, रात्री थंडी कुठवर उतरली ते बघायचं आणि पुण्याला तार करायची.

थंडीच्या थर्मामीटरमध्ये एक बारीक काळी कांडी होती. गारठा वाढला की ती मागं सरकत जायची आणि सगळ्यात कडक थंडी जिथं पडली तिथं थांबून राहायची. पंत आकडा बघायचे, नळी तिरकी करून कांडी पुन्हा जागेवर आणायचे, पेटीला कुलूप लावायचे. काम एवढंच, पण ऐट केवढी! वारा पडला, आभाळ निवळलं की ते रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगत, आज हिव पडणार, हरभऱ्याला पाणी देऊन ठेव. बहुतेक वेळा खरं व्हायचं. लोक म्हणायचे, पंतांना विचारल्याशिवाय थंडी वेशीच्या आत येत नाही. पंत नको नको म्हणत आणि दिवसभर मिशीत हसत.

त्या साली, म्हणजे बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला त्या साली, पाथर्डीकडची गावंच्या गावं रिकामी झाली. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी ऊस तोडायला. एक टोळी फार्मच्या कुंपणाला लागून पडीक रानात उतरली, पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. आभाळात ढगाचं नाव नव्हतं, त्यामुळं थंडी नुसती झोडपत होती. ढग नसले की जमिनीची ऊब रातोरात उडून जाते, हे पंत सगळ्यांना समजावून सांगायचे, कुणी विचारलं नसलं तरी.

टोळीतल्या बायाबापड्यांनी मात्र आपला हिशेब आपण लावला. हा माणूस सकाळी ती पांढरी पेटी उघडतो, आणि नेमका त्याच वेळेला गारठा सगळ्यात जास्त असतो. म्हणजे थंडी त्या पेटीत कोंडलेली आहे आणि किल्ली ह्याच्या जानव्याला आहे. झालं! एक दिवस पेटीच्या पायाला कुंकू लागलेलं दिसलं. साहेब बघतील म्हणून पंतांनी ते रुमालानं पुसलं, पण मनातून त्यांना गुदगुल्या झाल्या.

त्या टोळीत राहीबाई होती, कानिफनाथाची बायको. वय कोवळं, पण चेहऱ्यावर हसू असं नाहीच. आदल्या हंगामात श्रीगोंद्याकडे असताना तिचं तान्हं पोर कोपीत गारठून गेलं होतं. रात्री कुशीत घेऊन झोपली आणि सकाळी ते हलेना. यंदा मार्गशीर्षात मुलगी झाली, तीही कोपीतच. रोज सकाळी उसात जायच्या आधी ती पोरीला फडक्यात बांधून कुंपणाशी उभी राहायची आणि आज किती थंडी सोडणार म्हणून पंतांना विचारायची. पंतांना गंमत वाटायची. आज थोडी कमी सोडतो बरं का, असं ते म्हणायचे.

पंतांच्या स्वतःच्या घरीही तेव्हा पाळणा हलत होता. एकुलती एक लेक लीना बाळंतपणाला आली होती. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली, नवससायास करून थकलेली, आणि आता मुलगा. पंतांचं सगळं चित्त त्या पोरात. अजून सोयर फिटलं नव्हतं, म्हणून ते खोलीच्या उंबऱ्याबाहेरूनच बघायचे. बारशाच्या दिवशी पहिल्यांदा मांडीवर घेणार होते. त्यासाठी नवं उपरणं काढून ठेवलं होतं. तान्ह्याची मान कशी धरायची ह्याची तालीम म्हणून एकदा ते उशी मांडीवर घेऊन बसले, आणि इंदूताईंनी, त्यांच्या बायकोनं, त्यांना नेमकं पकडलं. त्या दिवसापासून जेवायला बोलावताना त्या विचारायच्या, उशीलाही ताट वाढू का?

मग भोगी आली. घरात सोयर, त्यामुळं यंदा भोगीची भाजी नाही, तीळ लावलेली भाकरी नाही, काही नाही. पंत तोंड वाकडं करून सकाळी पेटीकडे गेले, तर पायाशी पळसाच्या पानावर बाजरीची भाकरी. गरम, वर तीळ तडतडलेले, शेजारी गुळाचा खडा. राहीबाई हात जोडून उभी होती. पोरीला थंडी लागू नये म्हणून तिनं पेटीला नैवेद्य आणला होता.

तिळाचा वास नाकात गेला आणि पंतांची जीभ चळली. इंदूताईंना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी भाकरी उचलली, थंडीच्या वतीनं आम्हीच खातो म्हणाले, आणि तिथंच उभ्या उभ्या गुळाबरोबर सगळी संपवली. मग पेटीवर हात ठेवून, अगदी पुराणिकबुवांचा आवाज काढून म्हणाले, "जा. तुझ्या कोपीत यापुढं थंडी पाऊल टाकणार नाही."

राहीबाई हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खाल्लं तुमी," ती म्हणाली. "आता झालं तर मग."

संक्रांतीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. पेटीतली कांडी पार पाचाशी गेलेली. पंत काळजीनं कुंपणाकडे बघतायत तो राहीबाई आली ती घाम पुसत. रात्री कोपीत चैत्रासारखं उबदार होतं म्हणे, कानिफनाथानं वाकळ फेकून दिली, पोर उघडी लोळली. शेजारच्या कोपीतली माणसं मात्र दात वाजवत बसली होती. पंतांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय भाबडी माणसं असतात. चूल विझवायची राहिली असेल.

घरी आले तर इंदूताई दारातच. बाळंतिणीच्या खोलीत काल रात्री हाडं गोठली म्हणाल्या. खिडकीला घोंगडं लावलंय, फटीत बोळे कोंबलेत, शेगडी आहे, तरी गार. ओसरीवर काही नाही, स्वयंपाकघरात काही नाही, फक्त त्या खोलीत. पंत उंबऱ्याशी गेले. लीना दोन गोधड्यांत बसली होती आणि तिच्या तोंडातून वाफ निघत होती. शेगडीतले निखारे फुलायचे आणि बघता बघता काळे पडायचे. खाटेखालच्या तांब्यातल्या पाण्यावर पातळ साय धरली होती. इंदूताईंनी बोट लावलं तर ती कचकन फुटली.

बर्फ. नेवाशात, घराच्या आत.

दुसऱ्या दिवशी बाळाची पावलं निळसर दिसायला लागली. ते दूध ओढेना, रडणंही बारीक झालं. डॉक्टर आले, कोट न काढता तपासलं, दोष काही दिसत नाही, ऊब वाढवा म्हणाले आणि लगबगीनं बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. लीनाला दुसऱ्या खोलीत हलवलं. थोड्या वेळानं त्या खोलीतही वाफ दिसायला लागली आणि पहिली खोली नेहमीसारखी झाली. म्हणजे खोलीचं काही नव्हतं. गारठा पोराच्या मागं होता.

पंतांना दुसरं काय येत होतं? कपाटात एक जादा थर्मामीटर होता. तो त्यांनी इंदूताईंच्या हाती दिला, पाळण्याशेजारी आडवा ठेवायला सांगितला. सकाळी त्यांनी तो उंबऱ्यावरून बाहेर दिला. बाहेर पेटीत सहा होते, पाळण्यापाशी कांडी शून्याला टेकली होती. पंतांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग तोच थर्मामीटर घेऊन ते राहीबाईच्या कोपीत गेले, एक दिवस राहू दे म्हणाले. दुसऱ्या सकाळी तिथली कांडी तेविसावर होती. पाचटाच्या भिंती, दाराला गोणपाट, आणि तेवीस.

पंत तिथंच कोपीच्या दाराशी खाली बसले. थंडी कमी झालीच नव्हती. ती फक्त एका पोराजवळून उठून दुसऱ्याजवळ गेली होती. आणि तिला वाट दाखवली होती त्यांनी, भाकरी चघळत, थट्टेत.

ऊन चांगलं वर आलं होतं. टोळी उसात गेली होती, पण राहीबाई पोरीला पाजत मागं थांबली होती. पंतांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटत होती, राग येत होता आणि त्याहून जास्त भीती. दिलेला शब्द परत घ्यायचाय, एवढं मात्र त्यांच्या तोंडून निघेना. पोर फडक्यावर उघडी पडली होती, पाय झाडत होती, त्यांच्याकडे बघून बोळकं पसरत होती.

राहीबाईनंच ओळखलं. मग तिनं पोरीला उचलून लुगड्यात गुंडाळलं, घट्ट, कडाक्याच्या थंडीत गुंडाळतात तसं.

"घ्या परत, पंत," ती म्हणाली. "तुमचा नातू बी लेकरूच हाय. मला ठावं हाय ते कसं गार पडतं. हातात कळतं."

पंतांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना वर बघवेना. शिव्या दिल्या असत्या, पाय धरले असते तर सोपं गेलं असतं. ते उठले, धोतर झटकलं, आणि तिला म्हणाले, "त्या पोरीला मोकळं कर. उकडेल तिला."

घरी येऊन त्यांनी इंदूताईंना भाकरी मागितली. भूक लागली असेल म्हणून त्यांनी तूप लावून दिली. पंत ती घेऊन तडक वेधशाळेत गेले. भर उन्हात पेटी उघडली, भाकरी तिच्या पायाशी ठेवली, हात जोडले. आयुष्यभर त्या पेटीत त्यांनी आकड्याशिवाय काही बघितलं नव्हतं. आता झडपांच्या आतल्या अंधारात कुणीतरी कान देऊन उभं आहे असं त्यांना वाटलं.

"ही दोन लेकरं सोड," ते म्हणाले. ह्या खेपेला आवाज पुराणिकबुवांचा नव्हता, बाजारात हरवलेल्या माणसाचा होता. "बाकी सगळी माझ्या अंगावर घाल."

मग त्यांनी ती भाकरी खाल्ली. तोंडात तूप थिजत गेलं. शेवटचा घास गिळताना दात ठणकले, तरी त्यांनी कण उरू दिला नाही.

संध्याकाळपर्यंत नातवाच्या पावलांवर लाली आली. रात्री त्यानं दुधासाठी घर डोक्यावर घेतलं आणि इंदूताई आनंदानं रडल्या. सकाळी पंत पेटीकडे गेले. कुंपणापलीकडं राहीबाई पोरीला घेऊन उभी होती, पोर गुबगुबीत, गालावर ऊन. पंतांनी पेटी उघडली. कांडी सातावर होती. नळी तिरकी करायला त्यांनी हात पुढं केला, बोटं काचेला लागायच्या आधीच कांडी सरकायला लागली. सहा. चार. एक. पंतांनी हात मागं घेतला. त्या दिवसापासून ते लांब चिमटा घेऊन कामाला जाऊ लागले, आणि पुण्याला जायचे ते आकडे तेवढे बरोबर गेले.

बारसं थाटात झालं. शेजारपाजारच्या बाया आल्या, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवलं राधाकृष्ण. पंत नवं उपरणं घेऊन कोपऱ्यात बसले होते, आत स्वेटर, वर शाल. दुपारच्या उन्हात बाकीच्यांना घाम फुटला होता. त्यांच्या हातातला चहाचा कप ओठाला लागेपर्यंत गार झाला, तो त्यांनी हळूच पाटामागं सारला.

सगळ्यांनी पोराला घेऊन झालं. मग लीना त्याला दोन्ही हातांवर घेऊन वडिलांसमोर आली. इतके दिवस तिनं हे मनात रंगवलं होतं.

"बाबा, आता तुम्ही घ्या."

बायका गप्प झाल्या, कौतुकानं बघायला लागल्या. पोरानं डोळे किलकिले करून आजोबांकडे तोंड वळवलं. पंतांचे हात मांडीवरून उचलले गेले, उशीवर शिकले होते तसे, मान धरायला उजवा जरा वर. पोराच्या गालाला अजून वीतभर अंतर होतं, तोच त्याच्या जावळातले केस ताठ उभे राहिले आणि ते शहारलं.

पंतांनी हात शालीत ओढून घेतले.

"नको," ते म्हणाले. "मला नाही आवडत पोरं घ्यायला."

लीना तशीच उभी राहिली. मग तिचा चेहरा उतरला आणि ती वळून आत गेली. इंदूताई नवऱ्याकडे बघत राहिल्या, ती उशीची तालीम आठवून त्यांना काही केल्या कळेना हा माणूस असा का वागला. पंत कुणाकडेही न बघता उठले, अंगणात उन्हात जाऊन बसले आणि शालीच्या आत हातावर हात चोळत राहिले.

उन्हाळ्यात टोळी पाथर्डीला परत गेली. जाताना राहीबाई मुलीला पंतांच्या पायावर घालायला आली होती. ते दोन पावलं मागं सरले आणि लांबूनच नमस्कार केला. तिला मात्र काही सांगावं लागलं नाही.

राधाकृष्ण मोठा झाला, सुट्टीत आजोळी यायचा. आजोबा मायाळू, गोष्टी सांगणारे, खाऊ आणणारे, पण कधी जवळ घेणार नाहीत. तो झोपला की पंत खाटेपासून चार हात लांब खुर्ची टाकून बसायचे आणि तो जागा होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत.