विशेष वाहन

डब्लिनच्या मराठी मंडळाने यंदा व्याख्यानाला 'योशिदा आणि जपानचं संरक्षण' हा विषय ठेवला, कारण गेल्या वर्षी 'मधुमेह आणि आपण'ला फार गर्दी झाली होती आणि समोसे कमी पडले होते.

वक्त्या सुमेधा. शिगेरू योशिदांवर ती मेनूथच्या विद्यापीठात पीएचडी करते. युद्धात हरलेल्या जपानचे हे पंतप्रधान. देशाचं रक्षण त्यांनी अमेरिकेवर सोपवलं आणि आपण कारखान्यांकडे बघितलं. प्रायोजक होती चेरीवूडची एक कंपनी. सुमेधाचा नवरा गिरीश तिथे प्रोग्रॅम लिहितो. ड्रोनच्या फोटोंतून मेंढ्या मोजणं हा कंपनीचा धंदा. जानेवारीत कंपनीला नवं गिऱ्हाईक मिळालं, आणि ते मेंढपाळ नव्हतं, लष्कर होतं. त्यासाठीच्या नव्या टीममध्ये येणार की नाही, हे गिरीशला सोमवारी सांगायचं होतं. नाही म्हटलं तर नोकरी गेली, नोकरीबरोबर कामाचं परमिट, आणि परमिटबरोबर तिघांचं इथलं राहणं.

शुक्रवारी जेवताना तो म्हणाला, "ती रणगाड्याची स्लाइड काढ ना."

स्लाइडवर इतकंच होतं: सैन्य ठेवणार नाही असं जपानने घटनेत लिहिलेलं, म्हणून योशिदांच्या काळात आधी 'राखीव पोलीस' उभे राहिले आणि त्यांच्या रणगाड्यांना 'विशेष वाहन' म्हणायचं ठरलं.

नऊ वर्षांच्या शर्वाणीने मान वाकडी करून फोटो बघितला. "बट इट्स जस्ट अ टँक, बाबा."

"तुमच्या नव्या टीमचं नाव काय रे?" सुमेधाने विचारलं.

"स्पेशल ऑब्जेक्ट्स."

कुणी हसलं नाही.

"तुझा बॉस येणार, तो आयरिश. त्याला मराठी कुठे कळतंय?"

"मला कळतं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

तिने स्लाइड काढली नाही. दुसऱ्याच्या छत्रीखाली बसले म्हणून प्रबंधात तीनशे पानं योशिदांना नावं ठेवून झाल्यावर नवऱ्यासाठी एक स्लाइड वगळायची, हे तिला जमेना.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये विशेष वाहनाला चांगला हशा मिळाला. मग प्रश्नोत्तरं. नेहमीप्रमाणे सगळे चपलांकडे बघू लागले, आणि गिरीश उभा राहिला.

"त्या राखीव पोलिसांत लोक का गेले?"

"पगार चांगला होता. जागांच्या कितीतरी पट अर्ज आले."

"आणि ज्यांनी अर्ज केला नाही, ते?"

सुमेधाने कागद चाळले. "त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही."

गिरीश बसला नाही. तेवढ्यात मंडळाचा चिटणीस हरीश गुच्छ घेऊन लगबगीने आला. "उभाच आहेस तर कंपनीच्या वतीने वहिनींना दे."

"कंपनीच्या वतीने नको."

"बरं, घरच्या वतीने दे." हॉल खूश झाला.

गुच्छ घेताना सुमेधाच्या मनात आलं, की ही तीनशे पानं आपणही दुसऱ्याच्याच छत्रीखाली बसून लिहिली, आणि त्या छत्रीला पावसाचं काय वाटतं ते कधी विचारलं नाही.

"सोमवारी नाही म्हणणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

"हो. तुझा प्रबंध अर्धवट राहील."

"राहील," ती म्हणाली.

माईक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं. काही न कळलेला बॉस तेवढा उठून मनापासून टाळ्या वाजवत राहिला. "ग्रँड," तो म्हणाला, "ग्रँड."