साबणावरची खूण

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. पण लगेच मागे सरकू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही. माझी नळी एवढी रुंद आहे की लहान मुलाची दोन बोटे तिच्यात सहज जातील, आणि तिच्यातून उडतो तो दारूचा लाल तारा. समुद्रात नाव अडकली की तो आकाशात सोडायचा. दूरच्या जहाजाला कळते की इथे माणसे आहेत आणि त्यांना मदत हवी आहे. तेव्हा मला माणसे मारणाऱ्यांच्या रांगेत उभे करू नका, एवढी माझी पहिली विनंती.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलायतेत झाला. नळी पोलादाची, सांगाडा पितळेचा, मूठ लाकडाची. नळीवर आणि सांगाड्यावर एकच नंबर ठोकलेला, म्हणजे दोघांची जोडी जन्मापासूनची. बाहेर युद्ध चालू होते म्हणतात. मी ते पाहिले नाही. मी मेणकागदात गुंडाळलेले, खोक्याच्या तळाशी पडून होते. युद्ध संपल्यावर पलटणीला नको असलेला माल लिलावात निघाला आणि बादल्या, दोरखंड, तंबूच्या खुंट्या यांच्या ढिगाबरोबर मी इराकातल्या बसऱ्याला विकले गेले. तिथून हात बदलत बदलत कुवेतच्या बाजारात आले.

तिथे अशरफ नावाचा एक इराणी भंगारवाला होता. गिऱ्हाइकांत हिंदुस्थानी माणसे पुष्कळ, म्हणून त्याने मोडकीतोडकी हिंदी शिकून घेतली होती. तो मला रोज सकाळी गोणपाटावर मांडायचा. माझ्या शेजारी माझ्याच जातीचे दुसरे पिस्तूल असे. त्याला कोणीतरी निकेलचा मुलामा दिला होता. ते इतके चमके की येणारेजाणारे त्याच्यात बघून मिशी सारखी करत. मला ते अजिबात आवडत नसे, हे मी मोकळेपणाने सांगते. माझे पितळ काळवंडले होते, मुठीला चीर गेली होती, आणि माझा भाव त्याच्या निम्म्याहून कमी होता.

पण अशरफची जीभ दोघांसाठी सारखीच चाले. मी कधी एखाद्या सेनापतीच्या कमरेला होते, कधी बुडत्या जहाजावर होते, कधी वाळवंटात होते. गिऱ्हाईक बदलले की माझा इतिहास बदले. खोक्यातल्या मेणकागदाबद्दल मात्र तो कधी बोलला नाही.

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात बदरुद्दीन तांडेल त्या गोणपाटापाशी आला. तो जयगडच्या खाडीकडचा कोकणी मुसलमान. कुवेतमधल्या सालमियाच्या किनाऱ्यावरून फैलका बेटावर माणसे आणि सामान नेणारी एका कुवेती मालकाची लाँच तो चालवत असे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या एका गाववाल्याची नाव भरकटली होती. जवळून जहाजे गेली, पण त्यांना दाखवायला नावेत काही नव्हते. ती माणसे परत आली नाहीत. तेव्हापासून बदरुद्दीनने मालकाच्या मागे लकडा लावला होता, आणि अखेर मालकाने त्याच्या हाती पैसे ठेवले होते. आता कुठले पिस्तूल घ्यायचे ते त्याने ठरवायचे होते.

त्याच्याबरोबर त्याची बायको फखरुन्निसा होती. ती मासळी आणि साबण घेऊन बाजारातून परत निघाली होती.

बदरुद्दीनने आधी अर्थातच त्या चमकणाऱ्याला हात घातला. मालकाला दाखवायला तेच बरे दिसले असते. तेवढ्यात फखरुन्निसा बोलली.

"अवो, म्हावरा घेताना निसता चमकता तोच घेताव काय? कल्ले उगडून बगताव ना? मग हेचा पन त्वांड उगडा की."

बदरुद्दीन हसला, पण त्याने ऐकले. कडी दाबली, त्या पिस्तुलाची नळी बिजागरीवर खाली झुकवली आणि उन्हाकडे धरून आत पाहिले. आत देवीच्या व्रणांसारखे गंजाचे खड्डे पडलेले. नळीवरचा नंबर घासून काढलेला, सांगाड्यावरचा वेगळाच. बिजागरी इतकी सैल की कानाशी धरून हलवली तर खडखड ऐकू येई. मित्रांनो, मला त्या क्षणी फार बरे वाटले. वाटायला नको होते, पण वाटले.

मग त्याने मला उघडले. बाहेरून मी कळकट, पण नळी आतून स्वच्छ होती, मेणकागदाची कृपा. नंबर जुळत होते. बिजागरी घट्ट होती. अशरफने ताबडतोब तोंड उघडले.

"ये बड़ा लड़ाई में जनरल का हाथ में था! इसका बात अलग है!"

"कहानी का पैसा नहीं सेठ," बदरुद्दीन म्हणाला. "लोहे का पैसा बोलो."

आणि मग त्याने मला जे करायला लावले ते मी कधी विसरणार नाही. अशरफच्या डब्यात उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी होती. त्यातले एक घेऊन त्याच्या बुडातल्या खळग्यात बदरुद्दीनने बायकोच्या पिशवीतला साबण दाबून बसवला, अंगठ्याने सपाट केला, नळकांडे माझ्यात भरले आणि घोडा ओढला. माझी टाचणी पुढे झेपावली. नळकांडे बाहेर काढले तर साबणावर बरोबर मधोमध खोल, गोल खूण उमटली होती. टाचणीत जोर असेल तरच अशी खूण पडते, आणि अशी खूण पडली तरच काडतूस पेटते. शेजाऱ्याची खूण पडली ती नुसता ओरखडा, तीही एका कडेला.

नव्या पिस्तुलाला काय पडते ते बदरुद्दीनला ठाऊक होते. त्यातून त्याने मुठीची चीर वजा केली, माझे वय वजा केले, आणि उरले ते सांगितले.

"बहुत कम!" अशरफ कळवळला.

"कम नहीं. कम बोलूंगा तो कल तुम मेरे को सच्चा माल नहीं देगा. जास्ती बोलूंगा तो मालिक मेरे को काम पे नहीं रखेगा. ये बराबर है."

अशरफने पैसे मोजून घेतले आणि मला त्याच्या हाती दिले. माझी खरी किंमत त्या दिवशी पहिल्यांदा कोणी उच्चारली. ती फार मोठी नव्हती, पण माझी होती.

लाँचवर मला एक पत्र्याची पेटी मिळाली. इंजिन सांभाळणारा कमाल मला 'तोफ' म्हणायचा. दर शुक्रवारी बदरुद्दीन मला सालमियाच्या खोलीवर नेई आणि फखरुन्निसा मला तेल लावत बसे. तेल कुठले? तर गावाहून डब्यातून येणारे खोबरेल. तेच तिच्या केसांना, तेच दाराच्या कडीला, तेच माझ्या बिजागरीला आणि टाचणीला. लोखंडाला गंज चढू नये म्हणून तिच्या माहेरी कोयत्यालाही तेच लावत. मी उन्हाळाभर वेणीच्या वासात राहिले. घोडा लोण्यासारखा मागे सरके. कोणी एवढ्या मायेने बोटे फिरवली तर तक्रार कोण करणार?

मग जानेवारी आला. कुवेतची थंडी मी आधी काढली होती, पण खोबरेल अंगात घेऊन काढायची ही पहिलीच.

एका संध्याकाळी आम्ही फैलकाहून परत निघालो. लाँचमध्ये बायकामुले होती, फखरुन्निसाही होती. ओळखीच्या बाळंतिणीला भेटून ती परत येत होती. मध्यावर आलो आणि इंजिन बंद पडले. कमालने त्याच्यापाशी होते ते सगळे उपाय केले, शेवटी नुसत्या शिव्या उरल्या. वरून शमाल सुटला. शमाल म्हणजे वायव्येचा वारा. तो हाडे गोठवतो आणि नावेला किनाऱ्यापासून दूर, उघड्या समुद्राकडे ढकलत नेतो. नांगर टाकला तर तो तळाला धरेना. सूर्य बुडाला. मुले रडायला लागली. तेवढ्यात दूरवर एक आगबोट दिसली. ती आमच्यापासून तिरकी चालली होती. पुन्हा दुसरी येईल याची खात्री नव्हती.

बदरुद्दीनने पेटी उघडली. माझ्यात काडतूस भरले, हात उंच केला आणि घोडा ओढला.

टक्.

बस्, एवढेच. काडतूस उडाले नाही. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा तसेच, टक्. माझी टाचणी पुढे जात होती, पण चिखलातून पाय ओढावा तशी. मित्रांनो, लाज म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. ज्या एका कामासाठी मला जन्म दिला, ज्या एका कामासाठी मला निवडले, ते माझ्याच्याने होईना. आणि माझ्यावर विश्वास टाकून ही सगळी माणसे त्या लाकडी नावेत बसली होती.

"साबनावर तर बेस्ट मार्क पडलेला," बदरुद्दीन पुटपुटला. न उडालेले काडतूस लगेच काढत नाहीत. ते उशिरानेही पेटू शकते. म्हणून तो मला पाण्याकडे धरून थांबला. आगबोट पुढे सरकत होती.

अखेर त्याने मला उघडून काडतूस काढले, तेव्हा फखरुन्निसाने कंदील जवळ आणला आणि वाकून पाहिले. माझ्या सांध्यासांध्यांत काहीतरी पांढरे भरले होते. तिने नखाने खरवडून नाकाशी नेले.

"अल्ला! खोबरेल गोठला!"

घरी थंडीत रोज सकाळी ती तेलाची बाटली स्टोव्हपाशी ठेवायची, मगच केसांना तेल लागायचे. डोक्याच्या तेलाचे तिला पक्के माहीत होते. माझ्या पोटातही तेच तेल आहे, हे मात्र तिला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते, आणि बदरुद्दीनलाही नाही. गावाकडे तेल असे कधी दगड होत नाही.

"माजा हात जलो," ती म्हणाली, आणि लगेच, "कमाल, चाय! चाय आन!"

कमालच्या स्टोव्हवर काळ्या चहाची किटली उकळत होती. साखर अजून पडली नव्हती, हे माझे नशीब. फखरुन्निसाने मला रुमालात धरले आणि उकळता चहा माझ्या घोड्यावर, टाचणीवर, बिजागरीवर ओतला. काय चटका बसला म्हणून सांगू! पण आतले पांढरे ओघळायला लागले. तेल पातळ झाले आणि चहाबरोबर तिच्या पायांवर सांडले. तिने पदराने मला आतून बाहेरून पुसले. बदरुद्दीनने दोनदा रिकामा घोडा ओढून पाहिला. खट्. खट्. हा माझा खरा आवाज होता.

आगबोटीचा आता मागचाच दिवा दिसत होता. बदरुद्दीनने नवे काडतूस भरले, बिस्मिल्ला म्हटले आणि हात वर केला.

मी तारा उडवला. लाल तारा वर, आणखी वर गेला आणि सगळ्यांचे चेहरे लाल झाले. रडणारी मुले तोंड उघडे टाकून वर बघू लागली. तारा विझला. मग वाऱ्यावरून आगबोटीचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, आणि तो मागचा दिवा हळूहळू वळायला लागला. फखरुन्निसाने मला छातीशी धरले आणि ती ढसाढसा रडली. मी चहाने भिजलेले होते, ती अश्रूंनी.

त्यानंतर माझ्यासाठी शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली आली. खोबरेलाचा डबा मला पुन्हा दिसला नाही. वासाची आठवण मात्र येते.

काही वर्षांनी मालकाने वायरलेसवाली मोठी नाव घेतली. बदरुद्दीनला अहमदीकडे धक्क्यावर नोकरी लागली. मला मालकाने त्यालाच देऊन टाकले होते. म्हणजे विकायचे की ठेवायचे ते बदरुद्दीनच्या मर्जीवर. अशरफ धावत खोलीवर आला.

"अब तो कहानी सच्चा है!" तो म्हणाला. "दुगना देता हूं. साहब लोग दीवार पे लगाएगा."

"ये दीवार का चीज नहीं," बदरुद्दीन म्हणाला आणि त्याला चहा पाजून वाटेला लावले.

मग यूसुफ आला. खैतानला राहणारा तरुण तांडेल, नुकतीच एक लहान लाँच हाती आलेला. मी मनात म्हटले, आता माझी कहाणी निघणार. लाल ताऱ्याची, वळलेल्या दिव्याची. पण बदरुद्दीन तिच्याबद्दल चकार शब्द बोलेना. यूसुफ मला खिडकीपाशी घेऊन गेला तेव्हा फखरुन्निसाने नवऱ्याला हळूच ढोसले.

"त्या दिसाचा सांगा ना त्याला."

"सांगला तर तो भुलल," बदरुद्दीन कुजबुजला. "भुलून घेतलेला मानूस मग आत बगत नाय."

त्याने यूसुफला माझे फक्त दोष सांगितले. मुठीची चीर दाखवली. नळी आता कुठे कुठे खडबडीत झाली होती, तीही उन्हाकडे धरायला लावली. आणि शेवटी म्हणाला, "थंडीत हेला खोबरेल लावू नको. पेटनार नाय."

यूसुफ खो खो हसला. "पिस्तुलाला खोबरेल कोन लावतंय, बदरुचाचा?"

फखरुन्निसा जमिनीकडे बघू लागली, आणि मग तीही हसायला लागली.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्यायला जाल तेव्हा तिची चकाकी आणि विकणाऱ्याची गोष्ट जरा बाजूला ठेवा आणि तिचे तोंड उघडून आत बघा. घेतलीत तर तिच्यावर माया करा, पण तिला काय मानवते ते विचारून करा. आणि एखाद्या दिवशी ती अडखळली, तर फेकण्याआधी एकदा वाकून पाहा. कदाचित तुमचेच प्रेम तिच्या पोटात गोठलेले असेल.

फखरुन्निसाने मशीनच्या तेलाची बाटली फडक्यात बांधून यूसुफच्या हाती दिली. बदरुद्दीनने त्याच्यापुढे एक रिकामे नळकांडे आणि साबणाची वडी ठेवली.

"माज्यावर इस्वास ठेवू नको," तो म्हणाला. "तू बग."

यूसुफने खळग्यात साबण दाबला, अंगठ्याने सपाट केला, नळकांडे माझ्यात भरले. मी सगळा जोर एकवटला आणि साबणाच्या बरोबर मधोमध खोल, गोल खूण उमटवली. तेवढेच मला बोलता येत होते.