फिकट बावीस

आमच्या सूनबाईंची एक खोड मला मुळीच आवडत नाही. काम आमचं, पण ते कसं चालतं हे विचारायचं नाही. आपल्या मनानं मांडायचं आणि वर म्हणायचं, "आई, लिहिलंय ना तिथे, वाचा की!"

आम्ही अधू पायांचे बूट बनवतो. आखूड पायाच्या बुटाला जाड तळ लागतो, तो चाळीस वर्षं मी रापीनं कापते. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आला, सूनबाईंनी त्यात गिऱ्हाइकांचा फॉर्म बनवला. मी जेमतेम दुसरी शिकलेली, पण आकडे मला कळतात.

आज आमचे जुने गिऱ्हाईक घड्याळजी भिंत धरत आले. कोपर सोललेलं. "वहिनी, दहा वर्षं तुमचा बूट घालतोय. काल जिन्यात पाडलंत की मला!"

त्यांच्या नव्या बुटाचा तळ मोजला. बारा मिलिमीटर. हवा होता बावीस.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, आता तू काउंटरवर बसत जा. रापी कारागिराकडे देऊ."

त्यानं माझ्यापुढची रापी उचललीसुद्धा. गुडघे बोलतात, डोळे दमतात, खरंय. पण हातातली रापी गेली की मी घरातली एक अडगळ, हेही खरंय.

सूनबाईंनी फॉर्म उघडला. "हे बघा डॉक्टरांचं माप, बावीस. कुणी चुकून बदलू नये म्हणून बंद केलंय." चौकट करडी, आकडाही करडा. खाली बारा मात्र काळाकुळकुळीत.

"आणि हा?"

"घड्याळजी फोनवर म्हणाले होते, बूट जड होतो, बारा करून बघा. नुसती नोंद आहे ती."

मी जुनी वही आणून तिच्यापुढे आपटली. "गिऱ्हाईक बोललं ते पेन्सिलीनं. ठरलं ते शाईनं. फिकं ते कच्चं, काळं ते पक्कं. मला वाटलं, डॉक्टरांनी माप बदललं."

ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग पुटपुटली, "बंद केलं की रंग आपोआप उडतो. मी तसाच राहू दिला. बंद करून वर कुलूपही लावलं, तर आकडा काळाच राहतो आणि बदलताही येत नाही."

खटाखट बोटं चालली. बावीस ठळक, काळा झाला. बारा तिनं करडा, तिरपा केला, अगदी पेन्सिलीसारखा.

"दिसतंय, आई?"

"चष्म्याशिवाय."

मुलाच्या हातात अजून रापी होती. "दे आईंना," ती त्याला म्हणाली.

मी रापी घेतली. "सूनबाई, डोकं तुझं तेज, पण विचारायला तोंड दुखतं तुझं. घड्याळजींची माफी दोघींनी मागायची. आणि यापुढे आधी माझ्याजवळ बसून काम बघायचं, मग फॉर्म करायचा. आता सरक, उजेड अडवू नकोस."