काऊन म्हणेल ते पुस्तक

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा कुठं उंद्रीच्या बालवाडीला पुस्तक मिळायचा योग आला. विज्ञानाचं, चित्रांचं, आणि एकच. ते निवडायला बालवाडीच्या झुंबरबाई मलकापूरला निघाल्या. त्याआधी त्यांनी मलकापूरच्या थोरल्या जावेला, अन्नपूर्णाबाईला, दोन पत्रं धाडली: पुस्तक पोरांचं, तर निवडायला पोर पाहिजे; कौशल्येला तासभर माझ्यासोबत दुकानात पाठवा.

उंद्रीत काय पोरांचा दुष्काळ पडला होता? पण कौशल्या झुंबरबाईंच्या पोटची. नवरा गेला तेव्हा अकरा महिन्यांची पोर त्यांनी मूल नसलेल्या जावेच्या ओटीत घातली. आता ती सहा वर्षांची होती. जावेला आई म्हणायची, यांना काकू. खरं काय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानदार इंद्रभाननं झुंबरबाई आणि कौशल्येपुढं पुस्तकांची चळत मांडली. "हे घ्या बाई, मुंबईची छपाई हाये."

झुंबरबाई वेष्टणाला भुलणाऱ्या नव्हत्या. वरून कीर्तन, आतून तमाशा अशी पुस्तकं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांची परीक्षा एकच. चित्र पाहून पोर 'काऊन?', म्हणजे 'का?', म्हणालं, तर पुस्तक पास. मागं उसन्या आणलेल्या एका पुस्तकातली अळी बालवाडीच्या पोरांनी कपाशीवरची समजून चपलेनं ठेचली होती. ते पुस्तक त्यांना फार आवडलं होतं.

आज मात्र झुंबरबाई चित्रांकडे पाहतच नव्हत्या. पोरीच्या भुवया, पान उलटायला ओलं केलेलं बोट, कितीही पाहिलं तरी मन भरेना. पोरीनं आपल्याला एक तरी गोष्ट विचारावी, एवढ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

ग्रह झाले, गाय झाली. कौशल्या मुकाट्यानं पानं उलटत होती. मग बियांचं पुस्तक आलं. रुईचं बोंड उकललेलं आणि पांढऱ्या केसाळ बिया, म्हाताऱ्या, वाऱ्यावर निघालेल्या. बोट तिथंच थांबलं.

"काकू, झाड आपलं बी एवढं दूर काऊन धाडते?"

उत्तर झुंबरबाईंना पाठ होतं. झाडाच्या सावलीत बी वाढत नाही. दूर गेलं तर त्याला ऊन मिळतं. पण त्या चित्रावरची धूळ पदरानं पुसू लागल्या.

पोरीनं पान उलटलं. "राहू दे. घरी आईले विचारीन मी. तिले सगळं येते."

"याची प्रत एकच हाये," इंद्रभान म्हणाला. "हेच बांधू?"

झुंबरबाईंनी बालवाडीसाठी ग्रहांचं बांधायला सांगितलं. उंद्रीच्या पोरांशी ही बेइमानी होती, हे त्यांना कळत होतं. बियांचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या पैशानं घेऊन कौशल्येच्या हातात दिलं.

"घे. आईले दाखवजो. अन् ती काय सांगते, ते मले लिहून धाडजो."

"हाव."

घर चार पावलांवर होतं. पुस्तक छातीशी धरून पोर पळत सुटली. झुंबरबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून पाहत राहिल्या. ती एकदाही मागं वळली नाही. आईला विचारायची तिला कोण घाई झाली होती!